रेड नदीपलीकडचं फ्रेंच उपनगर

कॅनडातल्या फ्रेंच भाषेचा विषय निघाला की बोलणं क्वेबेकपासून सुरू होतं आणि बहुधा तिथेच संपतं. पण मॉन्ट्रियलच्या पश्चिमेला, सरळ रेषेत मोजलं तरी अठराशे किलोमीटर दूर, गव्हाच्या सपाट प्रदेशात विनिपेग नावाचं इंग्रजी भाषक शहर आहे. त्या शहराच्या पोटात एक उपनगर आहे, जिथे रस्त्यांच्या पाट्या फ्रेंचमध्ये आहेत, इस्पितळात ‘बाँजूर’ म्हणून स्वागत होतं आणि १९१३ पासून फ्रेंच साप्ताहिक निघत आलं आहे. या उपनगराचं नाव सँ बोनिफास. नदीपलीकडचे इंग्रजी शेजारी त्यालाच सेंट बॉनिफेस म्हणतात.

विनिपेग हे मॅनिटोबा प्रांताच्या राजधानीचं, सुमारे साडेसात लाख वस्तीचं शहर. अमेरिकेतून उत्तरेला वाहत येणाऱ्या रेड नदीला इथे पश्चिमेकडून असिनिबॉइन नदी मिळते. संगमाच्या बाजूला शहराचा व्यापारी मध्यभाग उभा आहे आणि समोर, पूर्व तीरावर, सँ बोनिफास. दोन्ही काठांना जोडणारा लुई रिएलच्या नावाचा पादचारी पूल पाच मिनिटांत ओलांडता येतो. पूल नव्हते तेव्हाही लोक हिवाळ्यात गोठलेल्या पात्रावरून आणि उन्हाळ्यात होडीतून ये-जा करत. नदी अशी अरुंद, पलीकडे इंग्रजीचं एवढं वजन, तरी अलीकडच्या तीरावर फ्रेंच दोनशे वर्षं तगून राहिली. नुसत्या लोकसंख्येच्या जोरावर ती टिकली नाही, कारण तेवढी लोकसंख्या पहिली काही दशकं सोडली तर तिच्याजवळ कधी नव्हतीच.

या संगमावर माणसं हजारो वर्षं जमत आली आहेत. क्री, ओजिब्वे, असिनिबॉइन लोकांच्या व्यापाराची ही जागा. १७३८ मध्ये ला व्हेरेन्द्रे हा फ्रेंच व्यापारी-शोधक इथे पोहोचला आणि त्याच्या माणसांनी छोटी गढी बांधली. पुढच्या शतकात फरच्या व्यापारासाठी मॉन्ट्रियलहून होड्या वल्हवत येणाऱ्या फ्रेंच नावाड्यांनी इथल्या मूळनिवासी स्त्रियांशी संसार मांडले. त्यांच्या वंशजांचा एक स्वतंत्र समाज घडला, तो मेती. रानरेड्यांच्या मोठ्या सामूहिक शिकारी, दोन उंच चाकांच्या लाकडी गाड्या आणि वाळवलेल्या मांसात चरबी मिसळून केलेलं पेमिकन यांवर या समाजाचं अर्थकारण चालत होतं. त्यांच्यातल्या काहींनी घडवलेल्या मिशिफ भाषेत क्रियापदं मुख्यतः क्रीची आणि नामं मुख्यतः फ्रेंचची. जगातल्या मिश्रभाषांमध्ये अशी जोडणी फार दुर्मीळ मानली जाते. सँ बोनिफासची सुरुवात या मेतींपासून झाली. उपनगराचा इतिहास मिशनऱ्यांच्या आगमनापासून सांगण्याची प्रथा आहे, पण मिशनरी आले ते मुळात इथे आधीच राहणाऱ्या फ्रेंच भाषक कॅथलिक कुटुंबांसाठी.

१८१२ पासून लॉर्ड सेलकर्क या स्कॉटिश उमरावाने इथे स्कॉटिश शेतकरी आणून वसवायला सुरुवात केली. फर कंपन्यांच्या स्पर्धेत ही वसाहत सापडली आणि १८१६ मध्ये सेव्हन ओक्सच्या चकमकीत वसाहतीच्या गव्हर्नरसह वीसेक माणसं मारली गेली. सेलकर्कने संरक्षणासाठी द म्यूराँ पलटणीचे भाडोत्री सैनिक आणले. त्यांतले बरेचसे जर्मन भाषक होते, आणि त्यांना पूर्व तीरावर जमिनी दिल्या गेल्या. शांतता नांदायची तर धर्मगुरू हवा, म्हणून सेलकर्कने क्वेबेकच्या बिशपकडे मागणी केली. १६ जुलै १८१८ रोजी फादर जोझेफ-नॉर्बेर प्रोव्हांशे इथे पोहोचले. शेजारी जर्मन सैनिक, म्हणून मिशनला नाव दिलं गेलं जर्मनांमध्ये धर्मप्रसार करणाऱ्या संत बोनिफेसचं. पुढे १८२६ मध्ये रेड नदीला नोंदवलेल्या इतिहासातला सर्वांत मोठा पूर आला, घरंदारं वाहून गेली, आणि त्या सैनिकांपैकी बहुतेक जण अमेरिकेकडे निघून गेले. ज्यांच्यामुळे नाव पडलं ते आठ वर्षांत गेले, नाव मात्र फ्रेंच वस्तीला कायमचं चिकटलं.

याच काळातलं एक कुटुंब इथल्या अनेक घराण्यांच्या मुळाशी आहे. झाँ-बातिस्त लाजिमोदिएर हा फरचा शिकारी आणि त्याची बायको मारी-आन गाबुरी. लग्नानंतर नवऱ्याबरोबर पश्चिमेला येऊन कायमची राहिलेली ती पहिली युरोपीय वंशाची स्त्री मानली जाते. १८१५ च्या हिवाळ्यात वसाहतीवरच्या संकटाची बातमी घेऊन लाजिमोदिएर बर्फातून पायी मॉन्ट्रियलला गेला. या कामगिरीबद्दल सेलकर्कने त्याला संगमासमोर, सेन नावाच्या छोट्या नदीच्या मुखाशी जमीन दिली. पॅरिसच्या नदीचं नाव मिरवणारा हा ओढा आजही सँ बोनिफासमधून वाहतो. मारी-आन पंचाण्णव वर्षं जगली. तिची मुलगी ज्युली ही पुढे मेतींचं नेतृत्व करणाऱ्या लुई रिएलची आई.

जमीन कशी वाटली गेली होती हे समजल्याशिवाय पुढचा संघर्ष कळत नाही. क्वेबेकच्या पद्धतीप्रमाणे इथल्या शेतजमिनी नदीकाठापासून आत फितीसारख्या लांबलचक गेलेल्या होत्या. काठाची रुंदी थोडी, आतली लांबी जवळपास तीन किलोमीटर. त्यामुळे प्रत्येक घराला पाणी, मासे, होडीची वाट मिळे, काठावर शेजाऱ्यांची घरं हाकेच्या अंतरावर असत, पुढे शेत, मागे सरपण आणि गवत. या जमिनींना बहुतेकदा कागद नव्हते, वहिवाट होती. जुन्या सँ बोनिफासमध्ये आणि शेजारच्या सँ व्हितालमध्ये नदीकडे तोंड करून तिरपे गेलेले रस्ते याच पट्ट्यांच्या बांधांवरून आखले गेलेले आहेत.

१८४४ हे वर्ष इथे दोन कारणांनी महत्त्वाचं. जूनमध्ये मॉन्ट्रियलच्या ‘ग्रे नन्स’ पंथाच्या चार जोगिणी जवळपास दोन महिने होडीचा प्रवास करून पोहोचल्या. ऑक्टोबरमध्ये लुई रिएल जन्मला. जोगिणींनी शाळा काढली, आजाऱ्यांकडे घरोघर जाऊ लागल्या, अनाथ मुलं सांभाळली. त्यांच्यासाठी १८४६ ते १८५१ या काळात ओकच्या ओंडक्यांचं दुमजली घर उभं राहिलं. विनिपेगमधली ती आज सर्वांत जुनी इमारत असून तिथे आता संग्रहालय आहे. १८७१ मध्ये त्यांनी चार खाटांचं इस्पितळ सुरू केलं. पश्चिम कॅनडातल्या सुरुवातीच्या इस्पितळांपैकी ते एक. आज ते प्रांतातल्या मोठ्या इस्पितळांपैकी एक आहे आणि उपनगरातल्या हजारो लोकांना रोजगार देतं. धर्मगुरूंची नावं रस्त्यांना आणि शाळांना मिळाली. पण मुलांना फ्रेंच वाचायला-लिहायला शिकवण्याचं आणि फ्रेंचमध्ये रुग्णसेवा करण्याचं काम पिढ्यानपिढ्या ज्यांनी केलं, त्या बायकांना इतिहासात मिळालेली जागा अजूनही अपुरी आहे.

१८६९ मध्ये हडसन्स बे कंपनीने हा सगळा प्रदेश कॅनडाला विकायचं ठरवलं. इथे राहणाऱ्या लोकांना कोणी विचारलं नाही. हस्तांतरण पुरं होण्याआधीच भूमापक आले आणि नदीच्या पट्ट्यांवरून आडव्या-उभ्या चौकोनी रेघा ओढू लागले. ११ ऑक्टोबर १८६९ रोजी चोवीस वर्षांचा रिएल सोबत्यांसह आपल्या एका नातेवाइकाच्या शेतावर गेला आणि त्याने भूमापकांची साखळी पायाखाली दाबून धरली. मॉन्ट्रियलमध्ये शिकलेल्या या तरुणाच्या नेतृत्वाखाली हंगामी सरकार बनलं आणि फादर रिशो वाटाघाटींसाठी ओटावाला गेले. त्यातून मॅनिटोबा कायदा आला आणि १५ जुलै १८७० रोजी मॅनिटोबा हा कॅनडाचा पाचवा प्रांत झाला. विधिमंडळात आणि न्यायालयात इंग्रजी-फ्रेंच दोन्ही भाषा, धर्मनिहाय शाळा, आणि मेती मुलांसाठी १४ लाख एकर जमीन, अशी वचनं त्या कायद्यात होती.

त्या साली झालेल्या गणनेत प्रांताची लोकसंख्या भरली सुमारे बारा हजार. त्यांतले ऐंशी टक्क्यांहून अधिक मेती, आणि त्यांतही फ्रेंच भाषक मेती इंग्रजी भाषकांपेक्षा जास्त. फ्रेंच भाषा बोलणारे मॅनिटोबात निम्म्याच्या आसपास असण्याची ती पहिली आणि शेवटची वेळ.

पुढे जे घडलं त्याला विस्थापन हाच शब्द लागू पडतो. ऑगस्ट १८७० मध्ये ओटावाने पाठवलेली फौज पोहोचली. हंगामी सरकारच्या काळात टॉमस स्कॉट या ऑन्टॅरियोच्या माणसाला मृत्युदंड दिला गेला होता, त्याचा सूड घेण्याच्या इराद्याने आलेले अनेक जण तिच्यात होते. १३ सप्टेंबरला एल्झेआर गुले या मेती माणसाचा विनिपेगच्या रस्त्यांतून पाठलाग झाला. जीव वाचवायला त्याने रेड नदीत उडी घेतली आणि सँ बोनिफासच्या दिशेने पोहू लागला. मागून दगड आले आणि तो बुडाला. कोणावरही खटला चालला नाही. आज त्याच्या नावाची छोटी बाग पूर्व तीरावर आहे. १४ लाख एकरांचं वाटप वर्षानुवर्षं रेंगाळलं, हक्काचे कागद सट्टेबाजांनी मातीमोलाने विकत घेतले, आणि हजारो मेती कुटुंबं पश्चिमेला सस्कॅचवानकडे निघून गेली. २०१३ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की जमिनीचं हे वचन पाळताना केंद्र सरकारने आपलं कर्तव्य प्रामाणिकपणे निभावलं नव्हतं. वचन देऊन तोवर एकशे त्रेचाळीस वर्षं झाली होती.

रिएल प्रोव्हांशे मतदारसंघातून तीनदा खासदार म्हणून निवडून आला, पण अटकेच्या भीतीने त्याला सभागृहात एकदाही बसता आलं नाही. १८८५ मध्ये सस्कॅचवानमध्ये त्याच्या नेतृत्वाखाली झालेल्या उठावानंतर, १६ नोव्हेंबरला रेजायना इथे त्याला फाशी दिलं गेलं. देह रेल्वेने आणून आधी सँ व्हितालमध्ये आईच्या घरी ठेवला आणि १२ डिसेंबरला सँ बोनिफासच्या कॅथेड्रलसमोरच्या दफनभूमीत पुरला. दगडावर त्याचं आडनाव आणि फाशीची तारीख, एवढंच कोरलेलं आहे.

मेती बाहेर जात होते आणि सँ बोनिफासचे आर्चबिशप ताशे यांना दिसत होतं की ऑन्टॅरियोमधून येणाऱ्या इंग्रजी भाषक वसाहतवाल्यांच्या लोंढ्यापुढे फ्रेंच टिकवायची तर नवी माणसं हवीत. त्यांनी क्वेबेकमधून, तसंच अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातल्या कापडगिरण्यांत राबणाऱ्या फ्रेंच कॅनेडियनांमधून कुटुंबं आणण्याची मोहीम चालवली. काही आली, पण पुरेशी नाही. १८९१ च्या जनगणनेत फ्रेंच भाषकांचं प्रमाण सात टक्क्यांच्या आसपास उतरलं होतं. वीस वर्षांत निम्म्यावरून सातवर.

आकडे बदलताच कायदेही बदलले. १८९० मध्ये मॅनिटोबाच्या विधिमंडळाने फ्रेंचचं अधिकृत स्थान काढून घेतलं आणि कॅथलिक शाळांचं सरकारी अनुदान बंद केलं. १९१६ मध्ये शाळांमधलं द्विभाषिक शिक्षणही बंद झालं. त्याच वर्षी फ्रेंच समाजाने स्वतःची शिक्षणसंघटना उभारली आणि तिने जवळपास समांतर शिक्षणखातंच चालवलं. फ्रेंचचा अभ्यासक्रम तिचा, परीक्षा तिच्या, बक्षिसं तिची. वर्गात इंग्रजी पुस्तकं वर आणि फ्रेंच पुस्तकं खाली. सरकारी शाळातपासनीस दारात दिसला की मुलं फ्रेंच वह्या-पुस्तकं लपवत आणि शिक्षिका इंग्रजीत धडा सुरू करत. ही आठवण सांगणारी माणसं मॅनिटोबाच्या फ्रेंच वस्त्यांमध्ये कालपरवापर्यंत होती.

या दडपणाच्या काळातच सँ बोनिफास आकाराने वाढत होतं. १८८३ मध्ये त्याला नगराचा आणि १९०८ मध्ये शहराचा दर्जा मिळाला. रेल्वेमार्गांलगत पिठाच्या गिरण्या आल्या, १९१३ मध्ये गुरांचा मोठा बाजार सुरू झाला, भोवती मांसप्रक्रियेचे कारखाने उभे राहिले. १९०१ मध्ये दोन हजारांच्या आसपास असलेली वस्ती १९२१ मध्ये बारा-तेरा हजारांवर गेली. बेल्जियमहून फ्लेमिश आणि वालून लोक आले, दुग्धव्यवसायात आणि मजुरीत रमले, आणि त्यांनी १९०५ मध्ये काढलेला बेल्जियन क्लब दीर्घकाळ त्यांचं ठिकाण राहिला. युक्रेनियन आणि पोलिश कामगार कारखान्यांजवळ राहू लागले. दक्षिणेचा नॉरवुड भाग तर मुख्यतः इंग्रजी भाषकच होता. त्यामुळे विसाव्या शतकाच्या मध्यावर, ज्या काळाची आठवण आज ‘जुनं फ्रेंच सँ बोनिफास’ म्हणून काढली जाते त्याच काळात, शहरातले फ्रेंच लोक निम्म्याहून कमी होते. तरीही नगरसभेत, बाजारात, चर्चच्या पायऱ्यांवर फ्रेंचच ऐकू येई, कारण रोजच्या जगण्यातली बरीच कामं त्या भाषेत पार पाडता येत होती.

त्या काळचं सर्वांत जिवंत चित्र गाब्रिएल र्वा या लेखिकेने उभं केलं. तिचा जन्म २२ मार्च १९०९ चा, देशाँबो रस्त्यावरच्या घरातला. वडील केंद्र सरकारचे वसाहत-अधिकारी होते. पूर्व युरोपातून येणाऱ्या निर्वासितांना आणि शेतकऱ्यांना प्रेअरीवर जमिनी मिळवून देणं हे त्यांचं काम. निवृत्तिवेतनाची वेळ जवळ आली असतानाच त्यांना नोकरीवरून काढलं गेलं, आणि मोठं कुटुंब आईच्या शिवणकामावर आणि काटकसरीवर चाललं. गाब्रिएल शिक्षिका झाली, सँ बोनिफासच्या प्रोव्हांशे शाळेत लहान मुलांना शिकवू लागली. आत्मचरित्राच्या सुरुवातीलाच तिने आईबरोबर पूल ओलांडून विनिपेगच्या ईटन्स या मोठ्या दुकानात जाण्याचे दिवस वर्णन केले आहेत. पूल संपला की आपण आपल्याच देशात परके झालो ही जाणीव, दुकानात फ्रेंच बोलायचं की मोडक्या इंग्रजीने भागवायचं याचा आईच्या मनातला झगडा, स्वाभिमान आणि संकोच यांची रोजची ओढाताण. अल्पसंख्य भाषेत वाढलेल्या कोणालाही ती पानं आपली वाटतील. १९४५ मध्ये आलेल्या तिच्या पहिल्या कादंबरीला, ‘बोनर दोकाझियाँ’ला, पुढे पॅरिसचा फेमिना पुरस्कार मिळाला. ती कादंबरी मॉन्ट्रियलच्या कामगारवस्तीची. सँ बोनिफासच्या बालपणाकडे ती १९५५ च्या ‘रू देशाँबो’ या कथासंग्रहात वळली. ते घर आता संग्रहालय आहे.

शिक्षिका असताना गाब्रिएल र्वा संध्याकाळी नाटकात काम करत असे. १९२५ मध्ये इथे स्थापन झालेली ‘सेर्क्ल मोलिएर’ ही नाट्यसंस्था कॅनडात सर्वाधिक काळ सलग चाललेली नाट्यसंस्था मानली जाते. सरकारी शाळेत फ्रेंच बंद, आणि त्याच गावात हौशी कारकून, शिक्षिका, दुकानदार रात्री तालमी करून फ्रेंच नाटकं बसवत होते. ‘ला लिबेर्ते’ हे साप्ताहिक १९१३ पासून चालू होतंच. १९४६ मध्ये लोकांनी वर्गणी जमवून सीकेएसबी हे पश्चिम कॅनडातलं पहिलं फ्रेंच रेडिओ केंद्र सुरू केलं. ज्या शेतकरी घरांमध्ये रेडिओ म्हणजे फक्त इंग्रजी, तिथे पहिल्यांदाच फ्रेंच बातम्या आणि गाणी पोहोचली. भाषेचे लढे न्यायालयात जिंकले गेले खरे, पण तोवर भाषा तोंडात राहिली ती या तालमींमुळे, छापखान्यामुळे आणि रेडिओमुळे. न्यायालयांच्या निकालांचं कौतुक होतं तेवढंच त्यांचंही व्हायला हवं.

नदीने १९५० मध्ये पुन्हा आपला हिसका दाखवला. विनिपेग परिसरातून सुमारे एक लाख माणसांना घरं सोडावी लागली आणि सँ बोनिफासच्या सखल भागात पाणी शिरलं. त्यानंतर १९६८ पर्यंत शहराला पूर्वेकडून वळसा घालणारा ४७ किलोमीटरचा पूर-कालवा खणला गेला. १९९७ च्या महापुरात त्याने शहर वाचवलं.

पाण्यापेक्षा आगीने इथलं अधिक नुकसान केलं. जुळ्या मनोऱ्यांचं कॅथेड्रल १८६० मध्ये जळलं. १९०८ मध्ये पूर्ण झालेलं भव्य दगडी कॅथेड्रल २२ जुलै १९६८ रोजी भस्मसात झालं. लोक रस्त्यावर उभे राहून रडत होते. एत्येन गाबुरी या इथल्याच वास्तुकाराने पाडापाडी न करता जुना दर्शनी भाग आणि भिंती तशाच उभ्या ठेवल्या आणि त्यांच्या आत छोटं, आधुनिक चर्च बांधलं. १९७२ मध्ये ते खुलं झालं. मोठ्या वर्तुळाकार खिडकीची काच गेली ती गेलीच. तिच्या रिकाम्या चौकटीतून आज आकाश दिसतं.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट गेली. विनिपेगसह बारा नगरपालिका एकत्र करून महानगर विनिपेग बनवण्यात आलं आणि ४६ हजारांवर वस्तीचं, स्वतःचा महापौर असलेलं सँ बोनिफास शहर एक उपनगर झालं. फ्रेंच बोलणाऱ्यांच्या हातातली एकमेव मोठी नगरपालिका संपली. नव्या शहराच्या कायद्यात सँ बोनिफासच्या रहिवाशांना काही सेवा फ्रेंचमध्ये देण्याची कलमं घातली गेली. त्यांचाच आधार घेऊन पुढचं प्रकरण घडलं.

झॉर्झ फोरे हा सँ बोनिफासमधला विमा व्यावसायिक. १९७५-७६ च्या सुमारास त्याला गाडी लावण्यावरून फक्त इंग्रजीत छापलेली दंडाची पावती मिळाली. दंड किरकोळ होता, पण त्याने तो भरायचं नाकारलं. वाद पावतीपाशी थांबला नाही. फ्रेंचला हटवणारा १८९० चा कायदाच घटनाबाह्य आहे, असं त्याचं म्हणणं होतं. सँ बोनिफासच्याच न्यायालयाने हे १८९२ मध्ये आणि पुन्हा १९०९ मध्ये सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा प्रांतिक सरकारने निकालाकडे सरळ काणाडोळा केला होता. १९७६ मध्ये तिसऱ्यांदा तसाच निकाल आला आणि तिसऱ्यांदा तेच झालं. फोरे थांबला नाही. आपल्याच समाजातल्या अनेकांना त्याचा हट्ट धोक्याचा वाटत असताना तो वर जात राहिला. १३ डिसेंबर १९७९ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९० चा कायदा रद्दबातल ठरवला.

मग प्रश्न उभा राहिला तो असा की एकोणनव्वद वर्षं फक्त इंग्रजीत केलेल्या कायद्यांचं काय? सरकारने तडजोड म्हणून घटनादुरुस्ती मांडली तेव्हा जुना राग उफाळून आला. १९८३ मध्ये फ्रेंच समाजाच्या मध्यवर्ती संस्थेच्या कार्यालयाला आग लावली गेली, नगरपालिकांनी घेतलेल्या सार्वमतांत मोठ्या बहुमताने विरोध नोंदला गेला, आणि विधिमंडळात विरोधकांनी मतदानाला यायचंच नाकारल्याने सदस्यांना बोलावणाऱ्या घंटा दिवसेंदिवस वाजत राहिल्या. घटनादुरुस्ती बारगळली. अखेर १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की केवळ इंग्रजीतले सगळे कायदे अवैध आहेत. मात्र प्रांतात अराजक माजू नये म्हणून भाषांतर होईपर्यंत ते तात्पुरते चालू राहतील. शेकडो कायद्यांचं भाषांतर करावं लागलं.

शाळांचा लढा वेगळा आणि अधिक मुळाशी जाणारा होता. १९८२ च्या हक्कांच्या सनदेने अल्पसंख्य भाषेत शिक्षणाचा हक्क दिला, पण शाळा कोण चालवणार यावर वाद झाला. १९९४ मध्ये मॅनिटोबाचं स्वतंत्र फ्रेंच शाळा-मंडळ सुरू झालं. पुस्तकं लपवायला लावणाऱ्या कायद्यानंतर अठ्ठ्याहत्तर वर्षांनी शाळांचा कारभार फ्रेंच पालकांच्या हाती आला. प्रोव्हांशे यांच्या पहिल्या वर्गापासून परंपरा सांगणारं इथलं महाविद्यालय २०११ मध्ये सँ बोनिफास विद्यापीठ झालं.

हक्क मिळाले, पण घरांत भाषा आटत होती. फ्रेंच-इंग्रजी मिश्र विवाह वाढले, चर्चची पकड सुटली, तरुण कुटुंबं विंडसर पार्क, आयलंड लेक्स, सेज क्रीक अशा नव्या वस्त्यांमध्ये गेली. त्या सँ बोनिफासच्याच हद्दीत असल्या तरी तिथे शेजार बहुभाषक आहे. पश्चिम कॅनडातला एक मोठा फ्रेंच समूह आजही इथे असला, तरी संपूर्ण मॅनिटोबात फ्रेंच ही पहिली अधिकृत भाषा असलेले लोक चाळीस हजारांच्या घरात, म्हणजे तीन टक्क्यांच्या आसपास आहेत. एवढा आकडा पाहिला तर निराशाच वाटेल. पण फ्रेंचमध्ये संभाषण करू शकणारे एक लाखाहून अधिक आहेत. इंग्रजी भाषक आईवडिलांनी हौसेने फ्रेंच माध्यमाच्या वर्गात घातलेली मुलं त्यात मोठ्या संख्येने आहेत. ज्या भाषेला १९८३ मध्ये सार्वमताने नकार दिला, तिच्याच वर्गांत नंतरच्या पिढीने आपली मुलं पाठवली.

गेल्या दोन-अडीच दशकांत लोकसंख्येचा रंग आणखी बदलला. काँगो, बुरुंडी, रवांडा, माली, कॅमेरून, मोरोक्को इथून फ्रेंच बोलणारी माणसं इथे स्थिरावत आहेत. त्यांच्या स्वागतासाठी २००३ मध्ये ‘अक्यूय फ्रांकोफोन’ ही सेवा सुरू झाली. विमानतळावर घ्यायला जाणं, घर शोधणं, मुलांना शाळेत घालणं, बँकेचं खातं उघडून देणं, अशी कामं ती करते. विद्यापीठाच्या वर्गांत आफ्रिकेतून आलेले विद्यार्थी लक्षणीय संख्येने दिसतात. आर्चबिशप ताशे क्वेबेकमधून आणू पाहत होते ती माणसं शेवटी दुसऱ्याच खंडातून आली. ती फ्रेंच येतं म्हणून हे उपनगर निवडतात, आणि मग नोकरीसाठी इंग्रजीही लागतं हे त्यांना इथे आल्यावर कळतं. हा भार समाजाने आणि सरकारने त्यांच्या एकट्यांवर टाकू नये.

या बदलाची दखल कायद्यानेही घेतली. २०१६ च्या प्रांतिक कायद्यात फ्रेंच भाषक कोण, याची व्याख्या मातृभाषेपुरती ठेवली नाही. मातृभाषा दुसरी असूनही फ्रेंचशी खास जवळीक असलेले आणि रोजच्या जगण्यात ती वापरणारेही त्यात मोजले जातात. संपूर्ण समाजाच्या मध्यवर्ती संस्थेनेही ‘फ्रेंच-मॅनिटोबन’ हे वंशसूचक नाव बदलून ‘मॅनिटोबातील फ्रेंच भाषक’ असा अर्थ देणारं नाव घेतलं.

रिएलकडे पाहण्याची दृष्टीही बदलत गेली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला विधानभवनाच्या आवारात त्याचा एक पुतळा बसवला गेला होता. मार्सियाँ लमे या शिल्पकाराने तो विवस्त्र, पिळवटलेल्या देहाचा घडवला होता. अनेक मेतींना तो अपमानास्पद वाटला, काहींना त्यातच खरी वेदना दिसली. १९९० च्या दशकाच्या मध्यावर तो हलवून सँ बोनिफासच्या महाविद्यालयाच्या प्रांगणात आणला गेला आणि विधानभवनापाशी कोट घातलेला, हातात मॅनिटोबा कायदा धरलेला रिएल उभा राहिला. फेब्रुवारीतला तिसरा सोमवार २००८ पासून लुई रिएल दिन म्हणून प्रांतभर सुट्टीचा असतो. सँ बोनिफासमध्ये त्याच सुमारास होड्या वल्हवणाऱ्या पूर्वजांच्या नावाचा हिवाळी महोत्सव भरतो, बर्फाची शिल्पं उभी राहतात, व्हायोलिनवर मेती नाच होतात. २०२३ मध्ये विधिमंडळाने रिएलला मॅनिटोबाचा पहिला मुख्यमंत्री ही मानद पदवी दिली.

शाळांपुढचा प्रश्न मात्र अजून पुरता सुटलेला नाही. सनदेने दिलेला फ्रेंच शिक्षणाचा हक्क कॅनडाच्या नागरिकांपुरता आहे. काँगोतल्या किन्शासाहून नुकत्याच आलेल्या आईबापांच्या मुलाला फ्रेंच शाळेत प्रवेश मिळतो तो हक्क म्हणून नव्हे, मंडळाच्या परवानगीने. आणि किती मुलांना हा हक्क आहे हे २०२१ पर्यंत नीट मोजलंच जात नव्हतं, कारण जनगणना फक्त आईवडिलांची मातृभाषा विचारत असे. मिश्र घरातलं, फ्रेंच आजीचं, पण घरी इंग्रजी बोलणारं मूल त्या मोजणीत निसटत होतं. २०२१ च्या जनगणनेत पहिल्यांदा आईवडिलांनी प्राथमिक शिक्षण कॅनडातल्या फ्रेंच शाळेत घेतलं होतं का, असा थेट प्रश्न घातला गेला. नव्या शाळा कुठे लागतील आणि किती वर्ग काढावे लागतील, याची मागणी फ्रेंच शाळा-मंडळांना आता या आकड्यांच्या आधारे सरकारपुढे मांडता येते.